न उठलेला तळ

ग्वाल्हेर म्हटले, की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे एक प्रचंड किल्ला उभा राहतो आणि त्यावर फडकणारा शिंद्यांचा झेंडा. किल्ला प्रचंड आहे, यात शंका नाही. पण शिंद्यांबरोबर उत्तरेत गेलेल्या आपल्या माणसांचे ग्वाल्हेर पाहायचे म्हणून जो तो किल्ला चढतो, त्याची मान भलत्याच दिशेला वळलेली असते. मराठी माणूस तिथे किल्ल्याखाली राहिला. जिथे राहिला त्या वस्तीला आजही 'लष्कर' म्हणतात. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरातला मोठा भाग लष्कर या नावाने ओळखला जातो आणि तिथल्या कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही, ही गोष्टच मला प्रथम विशेष वाटली.

या नावाचा इतिहास सरळ आहे. महादजी शिंदे १७९४ साली पुण्याजवळ वानवडीला वारले. दौलतराव गादीवर आले तेव्हा पंधरा वर्षांचे होते. १८०३ मध्ये असई आणि लासवारीच्या लढायांत त्यांच्या फौजांचा इंग्रजांनी मोड केला. त्यानंतरची काही वर्षे दौलतरावांचा दरबार म्हणजे एक चालते गाव होते. राजपुतान्यातून खंडणी वसूल करीत ते हिंडत असे. या छावणीबरोबर १८०९ चे वर्ष काढलेल्या थॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने तिची हकीकत पत्रांतून लिहिली आणि ती १८१३ मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली. तो सांगतो, की कूच झाले म्हणजे 'बिनीवाला' पुढे जाई आणि महाराजांच्या डेऱ्याची जागा ठरवून तिथे निशाण रोवी. मग प्रत्येक बाजाराचे निशाण आपापल्या जागी लागे, आणि त्या निशाणांच्या अनुरोधाने दुकानांच्या दोन रांगांचा एक लांबच लांब सरळ रस्ता तयार होई. आज इथे, चार दिवसांनी दहा कोसांवर. गाव मात्र तेच. आपल्याकडच्या बिनीवाले आडनावाच्या मंडळींनी हे पुस्तक अवश्य मिळवून पाहावे.

१८१० मध्ये हा तळ ग्वाल्हेर किल्ल्याच्या दक्षिणेला पडला. महादजींची राजधानी उज्जैन होती, तिकडे परत जायचे होते की नव्हते कोण जाणे. तळ काही उठला नाही. तंबूंच्या जागी मातीची घरे आली, मातीच्या जागी दगडाची. दुकानांच्या रांगा जिथल्या तिथे राहिल्या. छावणीचे शहर झाले आणि नाव मात्र छावणीचेच उरले.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत मी व सौ. ग्वाल्हेरला गेलो, तेव्हा उतरलो ते या लष्कर भागातल्या जयेंद्रगंजात. तिथे आमचे मावसभाऊ राहतात. वयाने मोठे म्हणून आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांचे पूर्वज सातारकडून गेलेले. कोणत्या पिढीत गेले ते त्यांनाही नक्की ठाऊक नाही. आमच्याजवळ पाहण्यासाठी एकच पुरा दिवस होता. अण्णांनी सकाळी सहाला चहा देऊन आम्हांला बाहेर काढले. 'उन्हं चढायच्या आत किल्ला करून घ्या, नंतर पाय चालायचे नाहीत,' हे त्यांचे शब्द दुपारी एकच्या सुमारास मला अगदी पटले. तेव्हा मी एका दगडी ओट्यावर बूट काढून बसलो होतो आणि अजून निम्मे शहर पाहायचे राहिले होते.

किल्ल्याची टेकडी उत्तर-दक्षिण जवळजवळ तीन किलोमीटर लांब आहे आणि उंची शंभर मीटरच्या आसपास. मोटारीचा रस्ता पश्चिमेकडून उरवाई घाटातून जातो. आम्ही पूर्वेच्या बाजूने, हत्तींच्या जुन्या वाटेने पायी चढलो. वाट दगडी फरसबंदीची, चढ सारखा अंगावर येणारा, आणि एकामागून एक दरवाजे. सौ. दुसऱ्याच दरवाजात बसली. मला मात्र घाई होती, कारण वाटेवर एक लहानसे देऊळ आहे. ते पाहण्यासाठी मी गणित शिकवू लागलो तेव्हापासून थांबलो होतो.

हे चतुर्भुज विष्णूचे देऊळ एकाच खडकात कोरलेले आहे. आपल्या गावच्या वेशीवरल्या मारुतीच्या देवळाएवढे असेल. शेजारून लोक सेल्फी काढत वर जातात, आत कोणी वळत नाही. त्यातल्या भिंतीवर इसवी सन ८७६ चा, भोज प्रतिहाराच्या काळातला शिलालेख आहे. मजकूर अगदी व्यवहारी: देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब व १८७ हात रुंद जमीन दिली, माळ्यांनी रोज ५० माळा द्याव्यात. या २७० मधले आणि ५० मधले शून्य हे एक लहानसे वर्तुळ कोरून दाखवलेले आहे. आज आपण फळ्यावर काढतो तसेच. याहून जुने शून्य कंबोडियातल्या इ.स. ६८३ च्या लेखात सापडले आहे, तेव्हा 'जगातले पहिले शून्य' असे कोणी गाईड सांगू लागला तर ऐकून घ्यावे आणि पुढे जावे. मला भावले ते वेगळेच. हा अंक कोणा पंडिताच्या ग्रंथात नाही, जमिनीच्या दानपत्रात आहे. म्हणजे मोजणीदाराला, माळ्याला आणि देवळाच्या कारभाऱ्याला तो वाचता येत होता, त्यावरून भांडता येत होते. शून्य इतके अंगवळणी पडलेले होते. आठवीच्या वर्गात मी हे अनेकदा सांगितले आहे. दगडावर बोट ठेवून पाहायचे मात्र जमले नाही, मध्ये जाळी होती.

वर मानसिंह तोमराचा महाल आहे. मानसिंहाने १४८६ ते १५१६ राज्य केले. महालाच्या भिंतीवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या चकचकीत कौलांची नक्षी आहे: बदकांची रांग, हत्ती, मगरी, केळीची झाडे. पाचशे वर्षे झाली तरी निळा रंग ताजा वाटतो. आत मात्र जमिनीखाली दोन मजले काळोखाचे आहेत. मोगलांनी हा किल्ला राजघराण्यातल्या कैद्यांसाठी वापरला. औरंगजेबाने आपला भाऊ मुराद याला इथेच ठेवले आणि १६६१ मध्ये मारवले. दारा शुकोहचा मुलगा सुलेमान यालाही इथेच ठेवले होते. रोज अफूच्या बोंडांचे पाणी पाजून त्याला निकामी करण्यात आले, आणि १६६२ मध्ये तोही गेला. आमचा गाईड हे सांगताना आवाज खाली नेत होता. दिवसातून किती वेळा नेत असेल, देव जाणे.

याच किल्ल्यावर शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांना जहांगिराने कैदेत ठेवले होते. सुटका झाली तेव्हा आपल्याबरोबर इतर ५२ राजांनाही सोडल्याशिवाय आपण बाहेर पडणार नाही, असे त्यांनी सांगितले, अशी शीख परंपरा आहे. शीख मंडळी दिवाळीच्या दिवशी दिवे लावतात ते या सुटकेची आठवण म्हणून. त्या दिवसाला ते 'बंदी छोड दिवस' म्हणतात. किल्ल्यावरचा गुरुद्वारा पांढराशुभ्र, थंडगार आहे. तिथे अर्धा तास बसलो, लंगरात जेवलो. त्या दिवशी पायांना खरी विश्रांती मिळाली ती तिथेच. सासबहूची देवळे (१०९३ मध्ये पुरी झालेली) आणि तीस मीटर उंचीचे तेली का मंदिर आम्ही पाहिले. पण पाहिले म्हणजे समोरून गेलो, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येईल.

आता प्रश्न असा, की या साऱ्यात मराठे कुठे? किल्ल्यावर १८९७ मध्ये सरदारांच्या मुलांसाठी निघालेली शाळा आहे, तीच आजची शिंदे शाळा. त्याखेरीज मराठी राज्यकर्त्यांची खूण तिथे शोधावी लागते. कारण असे, की किल्ला शिंद्यांचा होता खरा, पण हातात फार काळ टिकत नव्हता. १७८० च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन पॉपमच्या शिपायांनी पावलांचा आवाज होऊ नये म्हणून पायांत कापूस घातलेले जोडे चढवले, रात्री शिड्या लावल्या आणि शिंद्यांच्या शिबंदीकडून किल्ला घेतला. तो इंग्रजांनी गोहदच्या राण्याला दिला. १७८३ मध्ये महादजींनी तो परत मिळवला. १८०४ मध्ये पुन्हा इंग्रज, पुढच्या वर्षी तहाने पुन्हा शिंदे. २९ डिसेंबर १८४३ या एकाच दिवशी महाराजपूर आणि पनियार अशा दोन ठिकाणी शिंद्यांची फौज हरली, आणि त्यानंतर किल्ल्याच्या किल्ल्या प्रत्यक्षात इंग्रजांच्या तंत्राने चालणाऱ्या पलटणीकडे गेल्या. १८५८ नंतर तर गोऱ्यांचेच ठाणे बसले. जयाजीराव शिंदे त्रेचाळीस वर्षे राज्यावर होते आणि त्यांच्या महालाच्या गच्चीवरून दिसणारा किल्ला जवळजवळ ती सारी वर्षे दुसऱ्याच्या ताब्यात होता. तो १८८६ मध्ये परत मिळाला, त्याच्या बदल्यात झांशी इंग्रजांना द्यावी लागली. आणि त्याच वर्षी जयाजीराव वारले.

म्हणून किल्ला पाहून झाला, आता ग्वाल्हेर झाले, असे म्हणून जे मराठी प्रवासी आग्र्याची गाडी पकडतात त्यांनी आपल्या लोकांचे ग्वाल्हेर पाहिलेलेच नसते.

आम्ही उरवाई घाटाने उतरलो. तिथे डोंगराच्या कड्यात पंधराव्या शतकातल्या प्रचंड जैन मूर्ती आहेत. त्या फोडण्याचा हुकूम आपण दिला, हे बाबराने आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवले आहे. मग रिक्षाने किल्ल्याला वळसा घालून पुन्हा पूर्वेच्या पायथ्याशी, गुजरी महालात. मानसिंहाने हा मृगनयनीसाठी बांधला असे सांगतात. आत संग्रहालय आहे. ग्यारसपूरची शालभंजिका तिथे कुलपात ठेवलेली असते; विचारावे लागते, मग दाखवतात. हे संग्रहालय ज्यांच्या मेहनतीने उभे राहिले ते मोरेश्वर बळवंत गर्दे हे ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते. पवायाचे उत्खनन, बाघच्या लेण्यांची देखभाल, संस्थानभर विखुरलेल्या मूर्ती गोळा करून त्यांची नोंद करणे, हे सारे या एका मराठी माणसाने केले. दगडी ओटा मी मघाशी म्हटले तो याच महालाच्या अंगणातला.

दुपारी फुलबागेजवळ राणी लक्ष्मीबाईच्या समाधीपाशी गेलो. समाधी साधी आहे, भोवती बाग. दरवर्षी १८ जूनला तिथे मेळा भरतो. इंग्रजी कागदपत्रांत मात्र तिच्या मृत्यूची तारीख १७ जून १८५८ येते. आपल्या पाठ्यपुस्तकांत हा प्रसंग इंग्रज विरुद्ध राणी एवढाच असतो. समाधीपुढे उभे राहिल्यावर दुसरी बाजू टाळता येत नाही. १ जून १८५८ रोजी तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि राणी यांचे सैन्य मुरारजवळ आले, तेव्हा समोर तोफा घेऊन उभे होते ते जयाजीराव शिंदे. त्यांचे बहुतेक शिपाई पलीकडे जाऊन मिळाले आणि जयाजीराव आग्र्याला पळाले. दोन-तीन दिवसांत फुलबागेत दरबार भरला, रावसाहेबांनी पेशव्यांच्या नावाने वस्त्रे वाटली, शिंद्यांच्या खजिन्यातून फौजेला पगार दिला. विसाव्या दिवसाच्या आत ह्यू रोजने शहर घेतले. एवढ्या लहान जागेत, एवढ्या थोड्या दिवसांत, महाराष्ट्रापासून शेकडो किलोमीटरांवर मराठी माणसेच एकमेकांसमोर उभी होती. शिंद्यांवर यासाठी शब्दांचे आसूड ओढणे सोपे आहे. मला वाटते, ज्यांचे सैन्य १८४३ मध्येच मोडून काढले गेले होते आणि ज्यांच्या डोक्यावरचा किल्ला त्यांच्या हातात नव्हता, त्या तरुण राजाचा हिशोब निराळा होता. हिशोब समजतो, समाधीसमोर तो मोठ्याने सांगवत मात्र नाही.

तिथून जयविलास महाल जवळच आहे. खरे सांगायचे तर महालात शिरलो तेव्हा आम्ही दोघेही पाहण्याच्या पलीकडे गेलो होतो. हा महाल १८७४ मध्ये पुरा झाला. बांधणारा मायकेल फिलोज. त्याचे घराणे मूळचे इटलीतल्या नेपल्सचे, आणि महादजींच्या काळापासून पिढ्यान्‌पिढ्या शिंद्यांच्या चाकरीत. तळमजला टस्कन पद्धतीचा, दुसरा इटालियन-डोरिक, तिसरा कोरिंथियन. रोम-फ्लॉरेन्सला जाऊन पाय दुखवून घेण्याची ज्यांची ऐपत नाही, त्यांनी इथे दुखवून घ्यावेत. दरबार हॉलमधली दोन झुंबरे प्रत्येकी साडेतीन टनांची आहेत. ती टांगण्यापूर्वी छत पेलेल की नाही हे पाहण्यासाठी हत्ती छतावर चढवले होते, असे सांगतात. जेवणाच्या टेबलावरून फिरणारी चांदीची आगगाडी लहान मुले डोळे विस्फारून पाहत होती. १९६४ पासून महालाच्या एका भागात संग्रहालय आहे आणि २०२२ मध्ये तिथे मराठ्यांच्या इतिहासाचे खास दालन उघडले. दालन चांगले आहे. सरदार घराणी, शस्त्रे, नकाशे, सगळे काचेत नीट मांडलेले. सौ. म्हणाली, 'इथे बाक कुठे आहे का बघा.' बाक नव्हता.

काचेतल्या इतिहासापेक्षा मला त्या दिवशी अधिक शिकवले ते रिक्षाच्या भाड्याने. जयविलासहून निघून मी म्हटले, 'महाराजवाड्यावर चला.' रिक्षावाला म्हणाला, 'बाड़ा बोलिए न, साहब.' लष्करचा मधला चौक तो हा. शिंद्यांचा जुना वाडा, गोरखी, या चौकालगत आहे. त्यांचे देवघर तिथे, आणि महादजी ज्यांना गुरू मानत त्या बीडच्या मन्सूरशहांचे स्थानही तिथेच. 'वाडा'चा 'बाड़ा' झाला. एकदा कान तयार झाले, की लष्करच्या पाट्या वाचत फिरणे हा निराळाच उद्योग होऊन बसतो. 'चिटनीस की गोठ', 'बक्शी की गोठ'. ही 'गोठ' कोणती? आपण 'शत्रूच्या गोटात' म्हणतो तो गोट. साताऱ्यात रामाचा गोट आहे तसे हे सरदार-कारकुनांचे गोट, म्हणजे त्यांच्या पथकांचे तळ. 'दानाओली', 'डीडवाना ओली'. ही ओली कसली? छावणीतल्या दुकानांची ओळ. ब्रॉटनने पाहिली तीच. 'पागनवीसी', 'खासगी बाजार', 'फालका बाजार', 'पाटणकर बाजार', 'शिंदे की छावनी'. पागनवीस म्हणजे घोड्यांच्या पागेचा हिशेब लिहिणारा. फाळके आणि पाटणकर सांगायलाच नकोत. 'कंपू' म्हणजे महादजींनी सरदार द बॉयनकडून कवायत शिकवून घेतलेल्या पलटणी. आज मराठीत कंपू म्हणजे टोळके. तिथे कंपू हा एक मोहल्ला आहे आणि त्यातल्या टेकडीवर 'मांढरे की माता' आहे. दसऱ्याला शिंदे घराण्यातला पुरुष तिथे शमीपूजन करतो. शमीला तलवार टेकली की पाने लुटायला गर्दी धावते, आपण सोने लुटतो तशीच. सगळा तळ जागच्या जागी आहे. फक्त निशाणे काढून पाट्या लावल्या आहेत, आणि पाट्यांवरचा षष्ठीचा प्रत्यय हिंदी झाला आहे.

आपण सीमाभागातले लोक या 'की'कडे जरा टक लावून पाहतो, कारण आपल्या गावांच्या नावांचे शेवटही बदललेले आपण पाहिले आहेत. पण घाईने तुलना करू नये. आपल्याकडची मराठी शेतातली, चुलीजवळची आहे. ती तिथे आधीपासून आहे आणि कचेरीच्या दारात तिला अडवले जाते, हे आपले दुखणे. ग्वाल्हेरची मराठी याच्या उलट वाटेने आली. ती दरबारातून, दफ्तरातून, मोडी कागदांतून खाली उतरली. भोवतालची रयत हिंदी बोलणारी होती आणि तशीच राहिली. सरदार, कारकून, भिक्षुक, गवई, मास्तर यांच्या घरांत मराठी होती. राज्य होते तोवर तिला कोणाशी भांडावे लागले नाही. २८ मे १९४८ ला मध्यभारत झाला, राज्य गेले, आणि भाषेच्या पायाखालची सतरंजी निघाली. १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख आपल्याकडे कशी आठवली जाते ते या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. त्याच दिवशी ग्वाल्हेर मध्य प्रदेशात गेले. मी अण्णांना विचारले, 'तेव्हा इथे काही झालं होतं का?' ते जरा विचार करून म्हणाले, 'काय होणार? आम्ही आधीपासूनच हिंदीत कामं करून राहिलो होतो.' त्यांचे हे 'करून राहिलो' ऐकून सौ.ला हसू आले. मला ते वाक्य ग्वाल्हेरच्या मराठीचा अर्धा इतिहास वाटले.

उरलेला अर्धा इतका मुकाट नाही. राजकवी भा. रा. तांबे संस्थानातल्या मुंगावलीचे. १९४१ मध्ये ग्वाल्हेरातच वारले. महाराष्ट्रात ज्यांची गाणी रेडिओवरून घराघरांत पोचली, ते कवी आयुष्यभर मुख्यतः हिंदी मुलखात राहिले. १९६१ मध्ये मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरात भरले आणि अध्यक्ष होत्या कुसुमावती देशपांडे. संमेलनाला पहिली स्त्री अध्यक्ष मिळाली ती पुण्या-मुंबईत नव्हे, या लष्करच्या गावात. आणि मुक्तिबोध बंधूंची गोष्ट तर आपल्या प्रत्येक द्वैभाषिक घराने वाचावी अशी आहे. थोरले गजानन माधव १९१७ मध्ये संस्थानातल्या श्योपुरात जन्मले. मराठी घरात वाढले आणि हिंदी कवितेत असे बसले, की आज त्यांच्याशिवाय हिंदीची गोष्ट पुरी होत नाही. धाकटे शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. 'नवी मळवाट', 'क्षिप्रा' ही त्यांची पुस्तके, आणि १९७९ चे साहित्य अकादमीचे पारितोषिक. एकाच घरात दोघे भाऊ दोन वाटांनी गेले. कोणी कोणाला फितूर म्हटले नाही.

गाण्याची गोष्ट याहूनही निराळी, आणि ती थेट आपल्या दारापर्यंत येते. तानसेनची कबर जुन्या ग्वाल्हेरात महंमद घौसच्या भव्य मकबऱ्याशेजारी आहे. शेजारच्या चिंचेची पाने खाल्ली की गळा सुधारतो म्हणतात. संध्याकाळ झाली होती, आम्ही खाल्ली नाहीत. पण आजच्या ख्यालाचा ग्वाल्हेर घराण्याचा उगम लष्करात आहे, शिंद्यांच्या पदरी असलेल्या हद्दू खाँ, हस्सू खाँ या भावांत. हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी. त्यांच्याकडे शिकायला आपल्या भागातला एक मुलगा एवढ्या लांब गेला, सेवा करून विद्या घेऊन परतला आणि मिरज-इचलकरंजीला स्थिरावला. ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेला त्यांच्यापाशी शिकले आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढते झाले. बाळकृष्णबुवांचेच दुसरे शिष्य नीलकंठबुवा अलूरमठ. त्यांच्याकडे मिरजेला धारवाडजवळच्या मन्सूर गावचा एक कन्नड मुलगा आला: मल्लिकार्जुन मन्सूर. म्हणजे दिल्ली-लखनौकडची उस्तादी विद्या मराठी दरबारात वाढली, मराठी शिष्यांच्या पाठीवरून कृष्णाकाठी आली आणि कन्नड गळ्यात गेली. तिला या प्रवासात कुठल्याच नाक्यावर दाखला विचारला गेला नाही. ग्वाल्हेरात शंकरराव पंडितांचे चिरंजीव कृष्णराव यांनी १९१४ मध्ये शंकर गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९८९ पर्यंत, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षापर्यंत, ही गायकी तिथेच धरून ठेवली. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला 'संगीताचे शहर' ठरवले. त्या बातमीत मराठी नावे किती येतात ते मी मुद्दाम पाहिले. फार नव्हती.

रात्री वहिनींनी पुरणपोळी केली होती. गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून मी अण्णांच्या नातवाशी बोलत होतो. बारावीतला मुलगा. मी मराठीत विचारी, तो हिंदीत उत्तर देई, आणि दोघांनाही अडत नव्हते. लिहिता येते का म्हणून विचारले, तर म्हणाला, 'लिपी तो वही है न, काका आजोबा.' हे आपल्याकडच्या मुलाला म्हणता येत नाही. आपल्याकडे दुसऱ्या भाषेची पाटी वाचायला दुसरी अक्षरे शिकावी लागतात, म्हणून भिंत दिसते आणि माणूस सावध राहतो. तिथे अक्षरे एकच, म्हणून भाषा कधी बदलली ते घरालाही कळत नाही. वहिनी मात्र आतून म्हणाल्या, 'भांडताना मराठीच येते हो त्याला.'

ज्यांना ग्वाल्हेरला जायचे असेल त्यांनी निदान दोन दिवस ठेवावेत, आणि पहिला दिवस खालचा ठेवावा. सकाळी जयेंद्रगंजातून पायी निघून शिंदे की छावनी, तिथून बाड्यावर, गोरखी, मग दानाओलीतून सावकाश चालत छत्री बाजारात शिंद्यांच्या छत्र्यांपर्यंत. उन्हाचा त्रास नाही, चढ नाही, तिकीट बहुतेक ठिकाणी नाही. दुकानदारांशी हिंदीत बोलायला सुरुवात करावी. चारांतला एखादा पाटीवरचे आपले नाव दाखवून मराठीत उत्तर देतो. किल्ला दुसऱ्या दिवशी, सकाळी सातच्या आत, आणि चढताना चतुर्भुजाच्या देवळात वळायला विसरू नये.